टेम्पो ही खरंच जर्मन कंपनी होती का? (एक किलो कंदी पेढ्यांची पैज)

कोरेगावकर

मंडळी, गेल्या रविवारी गावी सत्यनारायण होता. जेवणं उरकल्यावर माजघरात गाड्यांचा विषय निघाला. चुलतभावानं नुकतीच एक जर्मन गाडी घेतली आहे. कुठली ते मी लिहीत नाही, त्याचं स्वतःचंच सांगून अजून संपलेलं नाही. दार कसं बंद होतं, आवाज कसा येतो, जर्मन ते जर्मन, वगैरे. एवढ्यात कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले आप्पाकाका म्हणाले, "या घरात पहिली जर्मन गाडी मी आणली. बहात्तरच्या दुष्काळात. डुक्कर."

सगळं माजघर हसलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डुक्कर म्हणजे ती पुढे सोंड आलेली तीनचाकी. काकांनी तिच्यावर आधी माल वाहिला, मग पाटाच्या कामावर जाणाऱ्या बायका, मग वडाप, म्हणजे गावोगावची खाजगी प्रवासी वाहतूक. मी म्हटलं, काका, ती आकुर्डीची गाडी, पुण्याची. ते म्हणाले, "गाडी आकुर्डीची, पण टेम्पो जर्मन." झालं, पैज लागली. एक किलो कंदी पेढे.

आता मला पडलेले प्रश्न असे. टेम्पो हा शब्द तर आपण कुठल्याही मालाच्या गाडीला वापरतो, ती कंपनी कशी असेल? आणि खरंच जर्मन असेल तर मर्सिडीज, बीएमडब्ल्यूच्या ओळीत तिचं नाव कधीच कसं ऐकू येत नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा. पेढे महाग झालेत.

बिनपाण्याची

काकांनी तुम्हाला टेम्पोत बसवलंय एवढं नक्की. (पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.)

फिटर नाना

पेढे बांधून घ्या. काका जिंकले.

मी सत्तरीला टेकलोय. मार्केट यार्डाच्या मागे एकेचाळीस वर्षं गॅरेज चालवलं, त्यातली पहिली पंधरा वर्षं हात याच गाड्यांत काळे केले. आता गॅरेज मुलगा बघतो आणि मी मोबाईलवर जुन्या गाड्यांची कुळं शोधत बसतो. त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

टेम्पो हे गाडीच्या जातीचं नाव नव्हतं, मार्का होता. जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो, कुठल्याही छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो, तसंच. कंपनीचं नाव विडाल उंड झोन, म्हणजे विडाल आणि मुलगा. गाव हांबुर्ग, जर्मनीचं मोठं बंदर. १९२४ ची स्थापना, मालक ऑस्कर विडाल. गाड्यांवर नाव टेम्पो, जर्मन भाषेत टेम्पो म्हणजे वेग. आता त्या गाडीकडे बघून हे नाव कुणाला सुचलं असेल ते त्यालाच ठाऊक, पण बारसं करणारा बाप होता, त्याचा हक्क.

तीनच चाकं का, हा खरा प्रश्न. १९२८ पासून जर्मनीत सवलत होती: चाकं चारपेक्षा कमी आणि इंजिन २०० सीसीच्या आत असेल तर गाडीला कर नाही आणि चालवायला लायसनही नाही. झालं. बेकरीवाला, भाजीवाला, कोळसेवाला, ज्याला मोटार परवडत नव्हती अशा सगळ्यांसाठी गाडी बनवायचा रस्ता मोकळा झाला. टेम्पोच्या सुरुवातीच्या गाड्या तर आपल्या डुकराच्या बरोबर उलट होत्या. पुढे दोन चाकं आणि त्यावर मालाची पेटी, मागे एक चाक आणि त्याच्यावर फटफटीवर बसावं तसा बसलेला ड्रायव्हर. कुल्फीच्या ढकलगाडीला मागून इंजिन जोडलं की जे होईल ते. मग तिशीच्या दशकात त्यांच्या ओटो डाउस नावाच्या इंजिनिअरच्या हाताखाली ती गाडी फिरली: एक चाक पुढे, इंजिन त्याच्याच डोक्यावर, आणि ओढायचं काम त्याच चाकानं करायचं.

ज्यांनी बॉनेट उघडून पाहिलं नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही, म्हणून सांगतो. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ४०० सीसी, ताकद बारा-चौदा घोडे. जर्मनीत ही इंजिनं हांबुर्गशेजारच्या पिनेबेर्ग गावातल्या इलो कंपनीची असत. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. इंजिनातून चाकापर्यंत साखळी, तीही तेलात बुडालेली, बंद पेटीत. त्या पेटीलाच चाक धरलेलं. म्हणजे गाडीचं सगळं यंत्र नाकात. मागे बघाल तर काही नाहीच. ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा प्रॉपेलर शाफ्ट नाही, ती दोन चाकांत वाटणारं डिफरन्शियल नाही, नुसती दोन चाकं आणि हौदा. म्हणून हौदा इतका खाली असायचा की हमाल पोतं पाठीवरून थेट सोडायचे, फळीची गरज नसे. यार्डातल्या हमालांना विचारा, ट्रक आणि डुक्कर दोन्ही उभे असले तर आधी कुठे धावायचे.

प्रतिष्ठेचं म्हणाल तर ही कंपनी कधी चांगल्या गाडीसाठी नावाजली गेली नाही, पुरेशा गाडीसाठी नावाजली गेली. यात मोठा फरक आहे. मर्सिडीजच्या इंजिनिअरला विचारतात, अजून काय घालता येईल? इथल्या माणसाला विचारलं असणार, अजून काय काढता येईल? एक चाक काढलं, शाफ्ट काढला, व्हॉल्व्ह काढले. मला विचाराल तर दुसरं काम अवघड आहे.

आकुर्डीचं म्हणणंही तुमचं चूक नाही. अहमदनगरच्या फिरोदिया घराण्यातले नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये या हांबुर्गवाल्यांशी हात मिळवून कंपनी काढली. बजाज भागीदार, म्हणून नाव बजाज टेम्पो. कारखाना आधी मुंबईत गोरेगावला, मग आकुर्डीला. या नवलमलांचे वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. म्हणजे काका आणि तुम्ही दोघंही खरं बोलताय, पण पैज काकांची.

चूकभूल

नाना, झकास. दोन-तीन गोष्टी पुढे जोडतो.

काकांच्या गाडीचं जर्मनीतलं नाव हान्सेआट. हांबुर्ग हे हान्सा नावाच्या जुन्या व्यापारी संघाचं शहर, तिथल्या खानदानी व्यापाऱ्यांना हान्सेआट म्हणत. आपण तिला डुक्कर केलं! हान्सेआट १९४९ ला आली आणि जर्मनीत १९५६ ला बंद झाली. आपल्याकडची कंपनी १९५८ ची. तारखा नीट बघा: तिकडे निवृत्त झाल्यावर ती इकडे नोकरीला लागली. तिकडे युद्धानंतर हातात पैसा आला तशी लोकांना चार चाकं हवी झाली, इकडे तीन चाकांची गरज नुकती सुरू होत होती.

मॅटाडोर या व्हॅनचं नावसुद्धा हांबुर्गचंच. १९४९ चीच चारचाकी. सुरुवातीला तिच्यात फोक्सवॅगनचं इंजिन होतं, बीटलचं, २५ अश्वशक्तीचं. १९५० ला फोक्सवॅगननं स्वतःची व्हॅन काढली. आता आपल्याच गिऱ्हाइकाला इंजिन विकून आपल्याच गाडीला स्पर्धा कोण उभी करेल? पुरवठा थांबला. मग टेम्पोवाले इंजिनासाठी दारोदार फिरले. हाइंकेलचं घेतलं, पुढे ब्रिटनच्या ऑस्टिनचंही घेतलं. स्वतःचं इंजिन नसणं ही या कंपनीची कायमची दुखरी नस. 'मर्सिडीजच्या ओळीत नाव का नाही' याचं एक उत्तर मला तरी इथे दिसतं.

आणि एक मजा. १९३६ मध्ये याच कंपनीनं जी १२०० नावाची मोटार काढली. तिला दोन इंजिनं, एक पुढे, एक मागे. पुढचं पुढची चाकं ओढणार, मागचं मागची ढकलणार. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी. सैन्यांसाठी होती, परदेशातही विकली गेली. फोर-व्हील ड्राइव्हसाठी लोक शाफ्ट आणि गिअर जोडत बसतात, यांनी सरळ अजून एक इंजिन बसवलं.

एल्बेकाठचा

धागा बघून राहवलं नाही. मी सोलापूरचा, नऊ वर्षं हांबुर्गमध्ये आहे, तेही हारबुर्ग भागात. टेम्पोचा कारखाना याच हारबुर्गमधल्या बोस्टेलबेकला होता. आज तिथे मर्सिडीजचा कारखाना आहे, गाड्यांचे अॅक्सल वगैरे बनतात.

पण इथे कुणाला 'टेम्पो' म्हणून बघा. पहिल्याच हिवाळ्यात मी सर्दीनं हैराण, शेजारची आजी जिन्यात भेटली आणि म्हणाली, तुला टेम्पो हवाय का? मला वाटलं, घर बदलायला सामानाची गाडी विचारतेय. मी म्हटलं, नको, माझ्याकडे दोनच बॅगा आहेत. तिनं पर्समधून कागदी रुमालांचं पाकीट काढलं. इथे टेम्पो म्हणजे नाक पुसायचा कागद, १९२९ पासूनचा मार्का. कुठल्याही कंपनीचा असला तरी लोक टेम्पोच म्हणतात. नाना म्हणतात तसंच डालडाचं, फक्त वस्तू वेगळी. आणि रस्त्यावर जागोजागी 'टेम्पो ३०', म्हणजे ताशी तीस किलोमीटरच्या वर जायचं नाही. ही पाटी वाचून मी अजूनही मनात म्हणतो, काकांचं डुक्कर याच्या वर जायचंच कुठे.

तर ज्या गावात टेम्पो बनला तिथे तो शब्द गाडीला उरलेला नाही. वयस्कर माणसांना मात्र आठवतो. एका जुन्या गाड्यांच्या मेळ्यात मी हान्सेआट पाहिली. मालकानं हिरवा रंग देऊन अशी लखलखीत केली होती की हात लावायला भीती वाटावी. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे हिच्यात उसाच्या मोळ्या आणि त्यांच्यावर माणसं बसायची. त्याचा चेहरा पडला.

एक गोष्ट या धाग्यात राहू नये म्हणून लिहितो. युद्धाच्या काळात या कारखान्यातही सक्तीनं आणलेले मजूर राबवले गेले. इथल्या बहुतेक जुन्या कंपन्यांच्या इतिहासात हे पान आहे, टेम्पोच्याही आहे.

शेवट कसा झाला ते चूकभूल यांनी लिहिलं नाही. हानोफरच्या हानोमाग कंपनीनं १९५५ ला निम्मा हिस्सा घेतला, साठीच्या मध्यावर उरलेलाही. पुढे हानोमागच्या गाड्यांचा धंदा डाइमलर-बेन्झकडे गेला. त्यामुळे सत्तरच्या दशकात टेम्पोचीच व्हॅन नाकावर मर्सिडीजचा तारा लावून विकली जात होती, १९७७ पर्यंत. तिच्या जागी मर्सिडीजची जी नवी व्हॅन आली ती ब्रेमेनला बनायची, बोर्गवार्ड नावाच्या मोटार कंपनीच्या जुन्या कारखान्यात. तीनचाकींच्या बाजारात टेम्पोचा कट्टर वैरी होता गोलियाथ, आणि गोलियाथ हा बोर्गवार्डचाच मार्का. १९६१ ला बोर्गवार्ड बुडाली. म्हणजे दोन्ही वैऱ्यांची घरं एकाच सासरी गेली.

शालिनी_वाई

तुम्ही सगळे इंजिनाबद्दल बोलताय, मी आत बसलेली आहे. ऐंशीच्या दशकात कॉलेजला डुकरानंच जायचे. मागे समोरासमोर बाकडी, ड्रायव्हर 'अजून एक, अजून एक' म्हणत तेरा माणसं कोंबायचा. नाकाला पदर, मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी कोंबड्या.

प्रतिष्ठेचं विचारताय ना? आम्ही मुली कॉलेजच्या अलीकडच्या वळणावर उतरायचो आणि उरलेलं अंतर चालत जायचो. डुकरातून उतरताना कुणी पाहू नये म्हणून. एसटीनं येणाऱ्या मुलींना हा त्रास नव्हता. आज कळतंय की मी जर्मन गाडीतून उतरत होते! तेव्हा कुणी सांगितलं असतं तर गेटपर्यंत गेले असते.

फिटर नाना

शालिनीताई, तेरा म्हणजे तुमचा ड्रायव्हर देवमाणूस. आमच्याकडे टपावर धरून अठरा मोजलेत मी.

एल्बेकाठच्या दादांनी मर्सिडीजचं काढलं म्हणून सांगतो. ती जी ब्रेमेनची व्हॅन, तिचाच इकडचा भाऊ म्हणजे आपली टेम्पो ट्रॅव्हलर. अष्टविनायकाला जाता ना, तीच. आणि या आकुर्डीच्या गाड्यांत पुढे जे डिझेल इंजिन आलं ते मर्सिडीजचं, ओएम ६१६. तिकडे हे इंजिन २४० डी मोटारीत होतं, जर्मनीत टॅक्सीवाल्यांचं लाडकं. आमच्या गॅरेजला ते पहिल्यांदा आलं तेव्हा वस्ताद त्याच्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. म्हणाले, "हे उघडायचं नाही. तेल बदलायचं आणि नमस्कार करायचा." कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकानंही 'फोर्स पाठवा' म्हटल्याचं मला आठवत नाही. टेम्पोच.

टू-स्ट्रोकची सेवा मात्र रोजची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं, ते जळून प्लगवर काजळी धरायची. ड्रायव्हर खिशात जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवायचा, दुसऱ्या खिशात तंबाखू. सायलेन्सर तुंबला की गाडी चढाला दम टाकायची. मग तो काढून लोहाराच्या भट्टीत लाल करायचा आणि ठोकून आतली काजळी झाडायची. पापडासारखे तुकडे पडायचे. परत बसवला की गाडी तरणी.

कोरेगावकर

पेढे दिले. काका धाग्याचं सगळं वाचन चष्मा लावून ऐकत होते. जर्मन आजीवर खूप हसले. हान्सेआट हे नाव मात्र त्यांना पटलं नाही, डुक्करच बरोबर म्हणाले. मग म्हणाले, "तो फिटर खरा का खोटा ते बघू. त्याला विचार, पावसात चिखलाचा चढ आला की डुक्कर कसं चढवायचं."

नाना, आता तुमची परीक्षा.

फिटर नाना

काकांना माझा नमस्कार सांगा. उलटं.

ओढणारं चाक पुढे, वजन सगळं मागे. चढाला लागलं की भार आणखी मागे सरकतो, पुढचं चाक हलकं होतं आणि चिखलात नुसतं गरगर फिरतं. मग गाडी फिरवायची, रिव्हर्स टाकायचा आणि मागच्या बाजूनं चढ चढायचा. आता तेच चाक उताराच्या बाजूला आलं, सगळा भार त्याच्यावर. गुमान चढते. क्लीनर बाहेर उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडणार, ड्रायव्हर मान वाकडी करून मागे बघणार.

क्लीनर नसेल तर दुसरी युक्ती, दोन माणसं नाकावर बसवायची. मी स्वतः बसलोय. खालून इंजिन तापलेलं, वरून पाऊस.

आणि एकदा मीच उलटवलीही आहे, ती उतरताना. कांद्याची पोती हौद्याच्या वर तीन थर रचली होती. वस्तादांनी बजावलं होतं, वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. मी वळणात मारला. गाडी सावकाश, अगदी विचार करून, उजव्या अंगावर झोपली. मी वरच्या दारातून बाहेर आलो तर सगळा उतार कांद्यांनी भरलेला, आणि खालच्या वस्तीतली पोरं पाट्या घेऊन वर पळत येत होती. चौघांनी मिळून तिला उभी केली, प्लग पुसले, दुसऱ्या लाथेला चालू झाली. पोरांनी निम्मे कांदे परत दिले. वस्तादांनी उरलेल्या निम्म्यांचे पैसे माझ्या पगारातून तीन महिने कापले.

काकांना विचारा, त्यांची किती वेळा झोपली होती. एकदाही नाही म्हणाले तर पेढे परत घ्या.